भरीव ठिपका, पोकळ ठिपका : सह्याद्रीपासून चंडीगडपर्यंत एका असमानतेचा प्रवास

गेल्या रविवारी सायंकाळी शेजारच्या मराठी कुटुंबातील आठवीत शिकणारी मुलगी गणिताची उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आली. प्रश्न साधा होता : क्ष + २ < ५ ही असमानता सोडवा आणि उत्तर संख्यारेषेवर दाखवा. तिने क्ष < ३ हे उत्तर बरोबर काढले होते. रेषा पट्टीने आखली होती, ३ पासून डावीकडे जाणारा बाणही नेटका होता. मात्र ३ वरचे वर्तुळ तिने पेन्सिलीने काळे केले होते आणि त्यापायी एक गुण गेला होता. "मावशी, सगळे बरोबर असताना एका ठिपक्याने असे काय बिघडते?" तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा कुतूहल अधिक होते.

तिला मी लगेच जे सांगितले ते कोणताही शिक्षक सांगेल. ३ ही संख्या स्वतः उत्तरात येत नाही, कारण ३ + २ हे ५ पेक्षा लहान नाही. म्हणून ३ वर पोकळ वर्तुळ काढायचे. प्रश्नात ≤ असते, तर ३ चाही समावेश झाला असता आणि वर्तुळ भरीव झाले असते. तिने मान डोलावली. पण 'नियम कळला, कारण कळले नाही' असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तिला द्यायचे राहिलेले सविस्तर उत्तर मी येथे लिहीत आहे. ते आजच लिहिण्याला आणखी एक निमित्त आहे. ज्यांच्यामुळे चंडीगडचे नाव जगाच्या गणितात घेतले जाते, त्या प्राध्यापक रामप्रकाश बांबा यांच्या जन्माला ३० सप्टेंबर २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांनी आणि त्यांच्या परंपरेतील संशोधकांनी, ज्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, आयुष्यभर ज्या प्रश्नांचा पाठपुरावा केला, त्यांतील एका महत्त्वाच्या प्रश्नाची पहिली पायरी या मुलीच्या उत्तरपत्रिकेतील रेषेवरच आहे. तेथवर पोहोचण्यासाठी मात्र आपल्याला आपल्याच मुलुखातून निघावे लागेल.

माकडांचा कळप आणि १५ चा आकडा

भास्कराचार्यांचा 'बीजगणित' हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या मध्यावरचा. भास्कराचार्य सह्याद्रीच्या परिसरातले; त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. या ग्रंथात माकडांच्या कळपाचे एक उदाहरण येते. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून जी संख्या येते, तिच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरली आहेत. उरलेले एकच माकड फांदीवर बसलेले दिसते. तर कळपात एकूण माकडे किती?

समीकरण सोडवले की दोन उत्तरे निघतात, ५० आणि ५. दोन्ही पडताळून पाहावीत. ५० चा पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले की ७, त्याचा वर्ग ४९, अधिक फांदीवरचे एक म्हणजे ५०. आता ५ घ्या. पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उणे २, त्याचा वर्ग ४, अधिक एक म्हणजे ५. आकडेमोडीच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत. तरीही भास्कराचार्य ५ हे उत्तर स्वीकारत नाहीत. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन माकडे काढायची, तर त्या हिश्शात निदान तीन तरी असली पाहिजेत. प्रत्यक्ष मोजायच्या वस्तूंची संख्या ऋण झाली तर ते लोकांच्या बुद्धीला पटत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

आजच्या शाळेच्या भाषेत त्यांचा निर्णय मांडायचा तर समीकरणासोबत त्यांनी एक असमानताही सोडवली : कळपाचा पाचवा हिस्सा उणे तीन, ही संख्या शून्याहून लहान नसावी. म्हणजेच क्ष ≥ १५. संख्यारेषा आखा, १५ वर ठिपका ठेवा, उजवीकडे बाण काढा. ५० बाणाच्या वाटेवर येते, ५ मागे राहते. भास्कराचार्यांनी अशी रेषा आखली नव्हती आणि हे चिन्हही वापरले नव्हते; रेषा आणि चिन्ह आपण आज त्यांच्या विचारावर ठेवतो आहोत. परंतु समीकरण जे दोन पर्याय देते, त्यांपैकी कोणता ग्राह्य हे एक मर्यादा ठरवते, हा विचार तेथे निःसंशय आहे.

आणि १५ वरचा ठिपका? तो भरीव की पोकळ? १५ माकडांच्या कळपाचा पाचवा हिस्सा तीन, त्यातून तीन गेले की शून्य. शून्य माकडे गुहेत शिरली, असे म्हणता येते का? म्हणता येत असेल तर ठिपका भरीव, नसेल तर पोकळ. या उदाहरणात १५ हे उत्तर नसल्यामुळे वाद निर्माण होत नाही. परंतु ठिपका भरण्यापूर्वी आपल्याला प्रश्नाचा अर्थ ठरवावा लागतो, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात येते.

पूर्णाकाठचा भाष्यकार

भास्करांनंतर सुमारे साडेचार शतकांनी 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली गेली. तिचे कर्ते कृष्ण दैवज्ञ. त्यांचे घराणे मूळचे विदर्भातील, पयोष्णी म्हणजे पूर्णा नदीच्या काठच्या दधिग्रामचे; वडील बल्लाळ काशीला जाऊन स्थायिक झाले. कृष्णांचे बंधू रंगनाथ यांनी 'सूर्यसिद्धान्ता'वर टीका लिहिली, तर पुतण्या मुनीश्वर हा 'सिद्धान्तसार्वभौम' या ग्रंथाचा कर्ता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात या घराण्याची दखल घेतली आहे. मीही पूर्णेच्याच खोऱ्यातली, तरी हे नाव मला शाळेत कधी ऐकायला मिळाले नाही. ते भेटले थेट चंडीगडला, पीएच.डी.नंतर, एका ग्रंथालयात.

ऋण संख्या म्हणजे काय, याचे कृष्ण दैवज्ञांनी केलेले विवेचन आजही वर्गात जसेच्या तसे सांगावे इतके स्वच्छ आहे. ऋणत्व तीन प्रकारचे, असे ते म्हणतात : स्थळाचे, काळाचे आणि वस्तूचे. तिन्हींमध्ये समान सूत्र आहे ते परस्परविरोधाचे. वस्तूच्या बाबतीत एक धनको तर दुसरा ऋणको. काळाच्या बाबतीत एक भूत तर दुसरा भविष्य. आणि स्थळाच्या बाबतीत एकाच रेषेवरील दोन विरुद्ध दिशा. पूर्वेला धन मानले की पश्चिम ऋण होते. एक रेषा, तिच्यावर एक ठरावीक स्थान आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोजलेली अंतरे. शाळेतील संख्यारेषेचा हा गाभाच आहे.

इंग्लंडमध्ये जॉन वॉलिस यांनी १६८५ मध्ये आपल्या बीजगणितावरील ग्रंथात एका माणसाचे उदाहरण दिले. तो पाच यार्ड पुढे गेला आणि आठ यार्ड मागे आला, तर निघाल्या जागेपासून तो 'उणे तीन' यार्ड पुढे आहे. युरोपातील पुस्तकांत ऋण संख्यांचे रेषेवरील स्पष्टीकरण म्हणून या उदाहरणाचा नेहमी उल्लेख होतो. कृष्ण दैवज्ञांचे विवेचन त्याच्या सुमारे आठ दशके आधीचे. यावरून 'संख्यारेषेचा शोध विदर्भात लागला' असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. दोन्हीकडे अडचण एकच होती : शून्याहून कमी असलेली संख्या ठेवायची कुठे? दोन्हीकडच्या विचारवंतांनी तिला रेषेवर, शून्याच्या पलीकडच्या बाजूला जागा दिली.

ऋण संख्यांना रेषेवर स्थान मिळाले नसते तर असमानतांची रेखाटनेही अर्धवटच राहिली असती. क्ष < ३ चा बाण ज्या दिशेला जातो, तिकडे शून्यानंतर त्याला काहीच सापडले नसते.

चिन्हांमधील एकशे तीन वर्षे

'लहान' आणि 'मोठे' यांसाठी आपण वापरतो ती < आणि > ही चिन्हे छापील स्वरूपात प्रथम दिसली ती १६३१ मध्ये, इंग्रज गणिती थॉमस हॅरिअट यांच्या ग्रंथात. हॅरिअट तोवर वारून दहा वर्षे झाली होती. 'लहान किंवा समान' आणि 'मोठे किंवा समान' यांसाठी चिन्ह मात्र १७३४ पर्यंत थांबले. ते फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी वापरले, खाली दोन आडव्या रेघा देऊन. म्हणजे पोकळ ठिपक्याचे चिन्ह आणि भरीव ठिपक्याचे चिन्ह यांच्यात एकशे तीन वर्षांचे अंतर आहे. गणितज्ञांना समानतेची टोके आधी ठाऊक नव्हती असे नाही. ते शब्दांत सांगत. पण स्वतंत्र चिन्ह लागावे इतके टोकाचे महत्त्व हळूहळूच वाढले.

त्याचे कारण १८७२ मध्ये पूर्णपणे उघड झाले. त्या वर्षी रिचर्ड डेडेकिंड यांनी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रश्न लहान मुलानेही विचारावा असा होता : संख्यारेषेला भोके आहेत का? केवळ पूर्णांक व अपूर्णांक घेतले तर आहेत. ज्यांचा वर्ग २ पेक्षा लहान आहे असे सारे धन अपूर्णांक रेषेवर रंगवा. रंग उजवीकडे कुठवर जाईल? त्याच्या टोकावर ठिपका भरीव काढावा तर तेथे अपूर्णांकच नाही, कारण २ चे वर्गमूळ अपूर्णांक नाही. पोकळ काढावा तरी तो ज्या संख्येवर काढायचा तीच यादीत नाही. डेडेकिंड यांनी नियम घातला की रेषेचे डावा आणि उजवा असे कसेही दोन भाग पाडले तरी छेदाच्या जागी नेमकी एक संख्या असली पाहिजे, आणि ती दोहोंपैकी एकाच भागात मोडली पाहिजे. एका बाजूला भरीव, तर दुसऱ्या बाजूला पोकळ. आपण आज ज्यांना वास्तव संख्या म्हणतो, त्यांची इमारत या नियमावर उभी आहे.

हा नियम मोडला की काय होते, याचा अनुभव मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी घेतला आहे. मोजमापांची विभागणी लहान लहान कप्प्यांत करणारी आज्ञावली मी लिहिली होती. प्रत्येक कप्प्याची दोन्ही टोके मी भरीव ठेवली, त्यामुळे नेमक्या सीमेवर पडलेली मोजमापे दोन्ही कप्प्यांत मोजली गेली. आलेखावर ठरावीक अंतराने इवलेसे उंचवटे दिसू लागले आणि त्यांत मी नवे भौतिकशास्त्र शोधत तीन आठवडे घालवले. दोष एका = चिन्हाचा होता. आमच्या त्या छोट्या शेजारणीचा एक गुण गेला. माझे तीन आठवडे गेले.

रस्त्यावरचे दिवे

आता ज्या असमानतेपाशी चंडीगडची कथा सुरू होते, ती पाहू. कोणतीही वास्तव संख्या घ्या. तिच्यापासून १/२ किंवा त्याहून कमी अंतरावर एक तरी पूर्णांक असतोच. २.३ घेतली तर २ जवळ आहे, ७.८ घेतली तर ८.

ही गोष्ट चित्राने पाहावी. एका सरळ, अंतहीन रस्त्यावर दर किलोमीटरला एक दिवा आहे आणि प्रत्येकाचा प्रकाश दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर पोहोचतो. रस्ता संपूर्ण उजळतो का? प्रकाशाच्या पट्ट्याचे टोक भरीव असेल, म्हणजे नेमक्या अर्ध्या किलोमीटरवरही उजेड असेल, तर सगळा रस्ता उजळतो. टोक पोकळ असेल तर दोन दिव्यांच्या बरोबर मधोमध प्रत्येक वेळी एक बिंदू अंधारात राहतो. १/२, ३/२, ५/२ असे अगणित अंधारे बिंदू. विधान खरे राहते की खोटे पडते, हे सर्वस्वी त्या ठिपक्यावर अवलंबून आहे. मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला येथे दिसते.

जर्मन गणिती हेर्मान मिन्कोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'संख्यांची भूमिती' या शाखेचा पाया घातला. वरील प्रश्न त्यांनी एका मितीवरून अधिक मितींत नेला. कागदावर चौकटींची जाळी कल्पा आणि ती तिरपी करा, ताणा, दाबा. अट एकच, प्रत्येक चौकटीचे क्षेत्रफळ १ राहिले पाहिजे. आता कागदावर कोठेही एक बिंदू ठेवा. मिन्कोव्स्कींनी सिद्ध केले की जाळीचा एक तरी छेदबिंदू असा सापडतोच की, आपल्या बिंदूपासून त्याचे आडवे अंतर आणि उभे अंतर यांचा गुणाकार १/४ किंवा त्याहून कमी असतो. एका मितीत १/२, दोन मितींत १/४. मग तीन मितींत १/८, चार मितींत १/१६, असे प्रत्येक पायरीला निम्मे होत जाईल का? होईल, असे मानणारे विधान 'मिन्कोव्स्कीची अटकळ' म्हणून ओळखले जाते. येथेही ठिपका भरीवच हवा, कारण साध्या, न तिरप्या जाळीत चौकटीच्या मध्यबिंदूपाशी गुणाकार नेमका तेवढाच येतो. त्याहून कमी कधीच होत नाही.

विधान सांगायला दोन ओळी पुरतात, सिद्ध करायला पिढ्या लागल्या. तीन मितींसाठी रेमाक यांनी १९२३ मध्ये, चार मितींसाठी फ्रीमन डायसन यांनी १९४८ मध्ये सिद्धता दिली. भौतिकशास्त्राच्या वाचकांनी या नावापाशी थोडे थांबावे. श्विंगर आणि फाइनमन यांच्या क्वांटम विद्युतगतिकीच्या दोन वेगळ्या वाटणाऱ्या मांडण्या मुळात एकच आहेत, हे दाखवणारे डायसन ते हेच. आणि ते कामही त्याच सुमाराचे.

होशियारपूर ते चंडीगड

फाळणीत लाहोरचे विद्यापीठ सीमेपलीकडे राहिले. भारताच्या वाट्याच्या पंजाब विद्यापीठाला सुरुवातीला स्वतःचे आवारही नव्हते. कार्यालय एका गावी तर विभाग इतर गावी अशी अवस्था होती. गणित होशियारपूरला शिकवले जाई. तेथे हंसराज गुप्ता होते, ज्यांचा अभ्यासविषय होता पूर्णांकांची विभाजने. विभाजनाने होरपळलेल्या प्रांतात एक माणूस शांतपणे संख्यांची विभाजने मोजत होता, हे लिहिताना आजही मन थबकते. जम्मूत जन्मलेले आणि लाहोरला शिकलेले बांबा १९५० मध्ये केंब्रिजला लुई मॉर्डेल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झाले आणि लवकरच याच विद्यापीठात अध्यापक म्हणून आले. पुढे विभाग चंडीगडला आला. या शहराच्या मूळ आराखड्यात सेक्टर १२ नंतर थेट १४ येतो; १३ नाही. संख्यारेषेवरचे पोकळ वर्तुळ पाहायचे असेल तर त्याकरिता आमच्या शहराचा नकाशाही पुरतो. विद्यापीठ त्या गाळलेल्या आकड्याला लागूनच, सेक्टर १४ मध्ये आहे.

बांबा यांचा १९५४ चा शोधनिबंध रस्त्यावरच्या दिव्यांचाच प्रश्न तीन मितींत विचारतो. अवकाशात नियमित जाळीवर समान आकाराचे गोल असे ठेवायचे आहेत की एकही बिंदू उघडा राहू नये आणि गोलांचे एकमेकांवर पडणे कमीत कमी असावे. कोणती जाळी सर्वोत्तम? रेषेवर हे काम काहीही वाया न जाता होते. कागदावर वर्तुळांनी करायचे तर झाकायच्या जागेच्या सुमारे १.२१ पट वर्तुळे लागतात, आणि ती षट्कोनी मांडणीत ठेवावी लागतात. तीन मितींच्या जाळ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १.४६ च्या खाली जाऊ शकत नाही, आणि ते गाठणारी जाळी म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर व मध्यभागी एकेक बिंदू असलेली, हे बांबा यांनी सिद्ध केले. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्यांना ही मांडणी परिचित आहे. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू याच जाळीत बसलेले असतात. लोखंडाच्या अणूंना आवरणाचा प्रश्न सोडवायचा नसतो, त्यांची कारणे वेगळी आहेत. तरीही तीच जाळी दोन्ही ठिकाणी भेटावी याचा आनंद मला वाटतो.

डोक्याला पगडी बांधलेली मुलगी

या परंपरेतील एक ठळक नाव राजिंदरजीत हंस-गिल. १९४३ चा त्यांचा जन्म. मुलींच्या शाळेत त्यांना गणित शिकण्याची सोय नव्हती, म्हणून मुलांच्या शाळेत, मुलाच्या वेषात, डोक्याला पगडी बांधून त्या शिकल्या. भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचे 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्यांचेही कथन आहे. पुस्तकाच्या नावातील लीलावती भास्कराचार्यांची. सह्याद्रीतून निघालेला आपला धागा येथे अनपेक्षितपणे पुन्हा हाती येतो.

मिन्कोव्स्कीच्या अटकळीवर हल्ला करण्याचा एक मार्ग दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात जाळी अक्षांच्या दिशेने योग्य प्रमाणात ताणून-दाबून अशी 'गोलसर' करायची की तिचे सर्वांत लहान अंतर पुरेशा स्वतंत्र दिशांना सारखेच मिळेल. असे करताना अंतरांचा गुणाकार बदलत नाही. दुसऱ्या टप्प्यात दाखवायचे की त्या जाळीच्या प्रत्येक बिंदूभोवती ठरावीक त्रिज्येचे गोल काढले तर सारे अवकाश झाकले जाते. एका मितीत ही त्रिज्या १/२ असते. म्हणजे हे आपले रस्त्यावरचे दिवेच. पाच मितींचा प्रश्न स्कुबेन्को यांनी सोडवल्यावर बांबा आणि अ‍ॅलन वुड्स यांनी १९८० मध्ये त्याची वेगळी सिद्धता दिली. २००५ मध्ये कर्टिस मॅकमलन यांनी पहिला टप्पा सर्वच मितींसाठी पार केला, आणि सहा मितींतील आवरण वुड्स यांनी पूर्वीच सिद्ध केलेले असल्यामुळे सहा मितींची अटकळ त्याच वेळी सुटली.

त्यानंतरच्या पायऱ्या चंडीगडने चढल्या. सात मिती, २००९ : हंस-गिल, मधु राका आणि रणजीत सेहमी. आठ मिती, २०११ : तेच तिघे. नऊ मिती, २०१६ : लीतिका कथुरिया आणि मधु राका, पुढे दहा मितीही याच दोघींनी पूर्ण केल्या.

या सिद्धतांचे स्वरूप पाहिले की आठवीच्या वहीची आठवण होते. जाळीच्या मापांतून प्रत्येक मितीमागे एक अशा धन संख्या निघतात. प्रत्येक संख्येबद्दल पहिला प्रश्न असा : ती १ पेक्षा मोठी आहे, की १ किंवा त्याहून लहान? एका बाजूला १ वर पोकळ ठिपका, दुसऱ्या बाजूला भरीव. कोणतीही संख्या सुटू नये आणि कोणतीही दोनदा येऊ नये. सात संख्यांचे असे १२८ फाटे होतात, नऊ संख्यांचे ५१२. पुष्कळसे फाटे लवकर मिटतात. काही मात्र हट्टी असतात आणि त्यांच्यासाठी असमानतांच्या साखळ्या पानोपानी जुळवाव्या लागतात. त्यांतील एखादे टोक चुकून पोकळ राहिले, तर त्या फटीतून सबंध सिद्धता निसटू शकते.

या मार्गाची मर्यादाही आता कळली आहे. वुड्स यांनी आवरणाविषयी जो व्यापक अंदाज बांधला होता, तो ३० आणि त्यापुढील मितींत खोटा ठरतो, असे रेगेव्ह, शपिरा व वाइस यांनी २०१७ मध्ये दाखवले. म्हणजे याच वाटेने सर्व मितींपर्यंत जाता येणार नाही. मिन्कोव्स्कीची अटकळ मात्र त्यामुळे खोटी ठरलेली नाही, आणि सर्व मितींसाठी ती सिद्धही झालेली नाही.

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये आपण उपग्रह, लसी, चिप यांच्याविषयी वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु एका विद्यापीठातील काही माणसे सत्तर वर्षे एका प्रश्नकुळाचा हात धरून बसतात, निवृत्तीनंतरही सोडत नाहीत, आणि जगाने जेथे थांबावे तेथून चार पायऱ्या पुढे जातात, ही घटना मथळ्यात क्वचितच येते. तिला यंत्रांची गरज भासली नाही. गरज होती ती ग्रंथालयाची, स्थिर नोकरीची आणि पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्यांची. यांतील एकेक गोष्ट आज आपल्या राज्य विद्यापीठांमध्ये दुर्मीळ होत चालली आहे, हे वाचकांपैकी अध्यापकांना मी सांगायला नको.

रविवारी मी त्या मुलीला कागदावर रस्ता काढून दिला आणि दिव्यांची गोष्ट सांगितली. तिने प्रत्येक दिव्याचा पट्टा पेन्सिलीने रंगवला, मधल्या बिंदूंपाशी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे दोन्ही दिव्यांचे टोक पोकळ असेल, तर इथे उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसणार नाही." मी म्हटले, अगदी बरोबर. मग दहा मितींची गोष्ट ऐकल्यावर तिने विचारले, "पुढच्या सगळ्या झाल्या का?" नाही म्हटल्यावर तिने उत्तरपत्रिका उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर क्ष < ३ ची रेषा पुन्हा आखली, आणि ३ वरचे वर्तुळ या वेळी मोकळे ठेवले.